हात वर केला की छातीवर खळी पडते, गाठ मात्र लागत नाही. लगेच दाखवू की लग्न होऊ देऊ?

सायली_पलूस

नमस्कार. मी ३८ वर्षांची, पलूसला राहते, पतसंस्थेत नोकरी करते. दोन मुलं आहेत. धाकट्याचं अंगावरचं दूध तोडून दोन वर्षं होऊन गेली.

दिराचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. परवा आरशासमोर अंबाडा घालून बघत होते. दोन्ही हात वर घेतले तर डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, कातडी आत ओढल्यासारखी दिसली. हात खाली घेतले की सगळं सपाट. पुन्हा वर घेतले की खळी. उजवीकडे तसं काही नाही. दाबून पाहिलं, गाठ म्हणावी असं काही हाताला लागलं नाही. दुखत तर अजिबात नाही.

नणंद म्हणते जुनं दूध साकळलं असेल. सासूबाईंनी लेप लावायला सांगितलाय. हे म्हणतात उद्याच जाऊ, पण घरात पाव्हणे यायला लागलेत, रुखवताचं सगळं माझ्याकडे आहे. आत्ता दवाखाना म्हटलं की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळेल.

गाठ नाही, दुखणं नाही, तर लग्नापर्यंत थांबलं तर चालेल का? दर महिन्याला स्वतः तपासावं म्हणतात, ते नेमकं कधी आणि कसं करायचं? आणि हे दाखवायचं कुठल्या डॉक्टरांना? आमच्याकडे बहुतेक पुरुष डॉक्टरच आहेत, तेही मनात येतं.


मधुरा_नाशिक

सायलीताई, थांबू नका. एवढंच आत्ता लिहिते, कामावर आहे. रात्री सविस्तर लिहीन.


बार्शीच्या_सिस्टर

सायली, तुला 'तू' म्हणते, माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची आहे. मी बार्शी तालुक्यात एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स, म्हणून लागले आणि आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. माझं सगळं आयुष्य उपकेंद्रात आणि वस्त्या-तांड्यांवर बायकांशी हेच बोलण्यात गेलं.

आधी तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. लग्नाच्या आधी दाखव. याच आठवड्यात जा. तुझे यजमान बरोबर सांगतायत.

गाठ लागत नाही म्हणून ही खळी सोडून देता येत नाही. स्तनाच्या आत आधार देणारे तंतू असतात, ते आतून थेट कातडीपर्यंत आलेले असतात. आत खोलवर काही घट्ट वाढायला लागलं की ते तंतू आखडतात आणि कातडीला आत ओढतात. हात वर केला की स्तन उचलला जातो, ताण पडतो, म्हणून तेवढ्यापुरतंच दिसतं. कधी जुना मार लागून आतली चरबी कडक झालेली असते, कधी जुन्या ऑपरेशनचा व्रण ओढत असतो, तेव्हाही अशी खळी पडते. म्हणून ही खळी कॅन्सरचीच, असं मी म्हणत नाही. पण कशाची आहे ते आरशात बघून ठरत नाही आणि माझ्यासारखीने हात लावूनही ठरत नाही. त्याला सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि गरज पडली तर सुईची तपासणी लागते.

आता 'दुखत नाही' याबद्दल. हे मी पोटतिडकीने लिहितेय. छाती दुखली की बाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येते, आणि नुसतंच दुखणं असेल तर बहुतेक वेळा ते पाळीच्या चढउताराचं निघतं. आणि जी गाठ खरी काळजीची, ती सुरुवातीला सहसा दुखतच नाही. एक बाई नातवाला लस द्यायला उपकेंद्रात आली होती. खुरपणीला जाणारी, अंगाने धडधाकट. ती बसली तिथे मला वास आला. पदर बाजूला केला तर हळदीच्या लेपाखाली जखम. वर्षभर गाठ होती, घरात कुणाला पत्ता नाही. मी विचारलं, मावशी, आधी का नाही आलात? म्हणाली, 'दुखत नव्हतं ना बाई, मग रोज कशाला बुडवायचा?' त्या मावशीला उपचार मिळाले, पण उशिरा. हे उत्तर मी नंतरही इतक्या जणींकडून ऐकलं की आता कुणी 'दुखत नाही' म्हटलं की मी जास्तच सावध होते.

दूध साकळण्याचं म्हणशील तर ते पाजणाऱ्या बाईला होतं. छाती लाल होते, गरम लागते, ठणकते, ताप येतो. दूध तुटून दोन वर्षं झाल्यावर, ना लाली ना ताप, असं दूध साकळत नाही. आणि पाजणाऱ्या बाईचीसुद्धा लाली-सूज गोळ्यांचा कोर्स पूर्ण होऊन गेली नाही, तर तिने पुन्हा जाऊन पुढची तपासणी मागावी. एका प्रकारचा कॅन्सर असाच सुजेचं रूप घेऊन येतो आणि तो फार भरभर वाढतो. लेप लावू नकोस. अपाय-उपाय बाजूला ठेव, लेपाने दिवस जातात हे खरं नुकसान.

स्वतः तपासण्याचं सांगते. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास बघायचं, तेव्हा छाती सगळ्यात मऊ असते. पाळीच्या आधी बघितलंस तर दोन्हीकडे रवाळ, गाठाळ लागतं आणि उगाच जीव घाबरतो. ज्यांची पाळी गेली त्यांना मी संकष्टीचा दिवस सांगायचे, तो कुणी विसरत नाही.

आधी बघायचं, मग हात लावायचा. आरशासमोर हात खाली सोडून, मग कमरेवर दाबून, मग वर करून, मग थोडं पुढे वाकून. तुला जे दिसलं ते हात वर केल्यामुळेच दिसलं. नंतर उताणं झोपून, ज्या बाजूचं बघायचं त्या खांद्याखाली चादरीची घडी ठेवून, दुसऱ्या हाताच्या मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, बोटं सपाट ठेवून. आधी हलकं, मग जरा दाबून, मग बरगडी लागेपर्यंत. चिमटीत धरायचं नाही, चिमटीत धरलं की प्रत्येकीला गाठ लागते. गळ्याच्या हाडापासून ब्राच्या पट्टीपर्यंत आणि छातीच्या मध्यापासून काखेत आतपर्यंत. वरचा, काखेकडचा भाग नीट बघायचा, सगळ्यात जास्त गाठी तिथे सापडतात.

काय असलं तरी चालतं, हेही माहीत पाहिजे. एक बाजू लहान, एक मोठी असते. खालच्या घडीत आडवी, जरा कडक कड लागते. एखादीचं स्तनाग्र जन्मापासूनच आत असतं. हे तुझं नेहमीचं. नेहमीचं काय ते ओळखीचं झालं की नवीन आलेलं लगेच कळतं. नवीन गाठ किंवा जाडसर भाग, काखेतली गाठ, स्तनाग्र नव्याने आत ओढलं जाणं, न पिळता एकाच बाजूने रक्तासारखं किंवा पाण्यासारखं येणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत होणं, एका बाजूचा आकार बदलणं. यातलं एक जरी दिसलं तरी पुढच्या पाळीपर्यंत थांबायचं नाही. गाठ बोटाखालून निसटते म्हणजे साधी, हा भरवसाही धरायचा नाही. साध्या गाठी निसटतात हे खरं, पण निदान बोटाने होत नाही.

डॉक्टर म्हणशील तर सर्जनला दाखव. तुला सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय दोन्ही जवळ. पुरुष डॉक्टर असले तर तपासताना स्त्री कर्मचारी सोबत असलीच पाहिजे. ते तू हक्काने माग, किंवा नणंदेलाच आत घेऊन जा. तिलाही कळेल.


अभिजित_ठाणे

सिस्टर, तुमच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून एक बाजू मांडतो. सायलीताईंनी दाखवायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण दर महिन्याला तपासा, हे सरसकट सगळ्या बायकांना सांगण्याबद्दल मला शंका आहे. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे अंतिम निष्कर्ष २००२ साली आले. निम्म्या जणींना स्वतः तपासायला नीट शिकवलं होतं, पुन्हा पुन्हा आठवण करून दिली होती. दहा वर्षांच्या आसपास लक्ष ठेवल्यावर दोन्ही गटांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ सारखेच निघाले. उलट शिकवलेल्या गटात साध्या गाठींच्या बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासण्या, जास्त झाल्या. माझ्या बहिणीने अशा साध्या गाठीपायी फार काळजीत दिवस काढलेत, म्हणून हे लिहावंसं वाटलं.


बार्शीच्या_सिस्टर

अभिजित, तुम्ही सांगताय तो अभ्यास खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. म्हणूनच मी कुणाला 'महिना चुकला, आता काय होणार' अशी भीती घालत नाही. स्वतःची ओळख ठेवा, बदल दिसला तर या, एवढंच माझं मागणं आहे. शांघायचा अभ्यास ठरावीक पद्धतीने महिन्याच्या महिन्याला तपासायला शिकवण्याबद्दल होता. दिसलेला बदल घरात दाबून ठेवला तरी चालतो, असं त्यातून निघत नाही.

आता आपल्याकडचं ऐका. टाटा मेमोरियलने मुंबईतल्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून एक अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका. त्यातल्या निम्म्या जणींची छाती दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या हाताने तपासायच्या. डॉक्टर नव्हेत, माझ्यासारख्या बायका. निष्कर्ष २०२१ साली छापून आले. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेले रुग्ण ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालं. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, आणि सगळ्या वयांचं मिळून जी घट दिसली ती ठामपणे सांगण्याइतकी नव्हती, हेही सांगितलंच पाहिजे. पण यंत्राशिवाय, नुसत्या शिकवलेल्या हाताने एवढं होतं.

आणि आमच्या बार्शीचं तर मला अभिमानाने सांगायचंय. १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी इथे सुरू झाली. तिचे लोक गावोगाव फिरायचे, सभा घ्यायचे, बायकांना लक्षणं सांगायचे, कुणी शंका घेऊन आली तर दवाखान्यापर्यंत पोचवायचे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर त्यानंतर आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडायला लागला, तो निष्कर्ष छापूनही आलाय. तिथे मोठी यंत्रं नव्हती. सांगणं होतं आणि सोबत जाणं होतं.

आपल्याकडे ठरावीक वयाच्या प्रत्येक बाईला मॅमोग्राफीचं बोलावणं येत नाही. बहुतेक जणींना गाठ आधी स्वतःलाच सापडते, अंघोळीला, कपडे बदलताना. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांची पाच वर्षांतून एकदा छाती तपासायची सोय आहे, उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात. आशाताई त्यासाठी घरी येऊन फॉर्म भरतात. इथे वाचणाऱ्या सगळ्यांनी आपल्या आईला, सासूला त्या दिवशी पाठवा. बीपी आणि शुगर बघून बायका परत फिरतात, छातीचं नाव काढलं की 'मला काही नाही' म्हणून उठतात. तिथे घरच्यांनीच आग्रह धरायचा असतो.


मधुरा_नाशिक

सकाळी घाईत लिहिलं होतं. मलाही गाठ नव्हती. माझ्या उजव्या स्तनाग्रावर खाज आणि खपल्या होत्या. एका दवाखान्यात इसब म्हणून मलम मिळालं. लावलं की बरं वाटायचं, सोडलं की परत. सगळं एकाच बाजूला. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी त्वचेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि पॅजेट नावाचा प्रकार निघाला, आतल्या दुधाच्या नळ्यांमध्ये सुरुवात होती. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, आता गोळी चालू आहे. दोन्ही स्तनाग्रांवर पुरळ असेल तर ते बहुतेक इसबच असतं. एकाच बाजूचं, मलमाने न जाणारं असेल तर तुकडा तपासून घ्या, मागून घ्या.

सायलीताई, घरच्यांच्या तोंडचं पाणी पळेल म्हणालात. माझ्या सासूबाई ऐकल्यावर रडल्या, हे खरं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून माझा डबा त्यांनीच केला आणि बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या.


सायली_पलूस

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून त्याच आठवड्यात सांगलीला जाऊन आले. हे आणि नणंद दोघंही आले. डॉक्टर पुरुषच होते, पण सिस्टर सोबत होत्या, अवघड गेलं नाही. त्यांच्या हाताला खोल काहीतरी लागलं. सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी दोन्ही झाल्या. मी म्हटलं चाळिशीच्या आत मॅमोग्राफी करत नाहीत ना, तर म्हणाले या वयात आधी सोनोग्राफीच करतात, पण खळी आहे म्हणून दोन्ही हवं. १४ मिलिमीटरची, कडा वेड्यावाकड्या असलेली गाठ आहे. रिपोर्टवर 'बाय-रॅड्स ४' लिहिलंय. बायोप्सी परवा.

आता घरात दोन मतं आहेत. चुलतसासरे म्हणतात सुई टोचली की आजार पसरतो, त्यापेक्षा त्यांच्या ओळखीच्या दवाखान्यात सरळ कापून काढू, ते उद्याच करायला तयार आहेत, मग लग्नात तू मोकळी. मला खरंच कळेनासं झालंय.


बार्शीच्या_सिस्टर

सायली, गेलीस हे फार चांगलं केलंस. नणंद सोबत आली हे वाचून तर मला भरून आलं.

बाय-रॅड्स हा रिपोर्ट लिहायची ठरलेली पद्धत आहे. ३ म्हणजे बहुतेक साधीच, शंभरात दोघींपेक्षा कमी जणींना कॅन्सर निघतो, त्यामुळे सहसा सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. ४ म्हणजे शंका आहे, तपासल्याशिवाय सोडायचं नाही. ४ हा वर्ग फार रुंद आहे, शंभरात दोनपासून पंचाण्णवपर्यंत. म्हणून या आकड्यावरून घरात कुणी निदान करू नये, तूही रात्र-रात्र जागून करू नकोस.

सुईने कॅन्सर पसरतो ही समजूत माझ्या साऱ्या नोकरीभर माझ्यासमोर उभी राहिली. जगभर स्तनाच्या गाठीचं निदान याच सुईने करतात. जागा बधिर करतात, सोनोग्राफीत बघत सुई नेमकी गाठीत नेतात, शेवयांच्या तुकड्याएवढे बारीक तुकडे काढतात. खटका वाजतो, त्याने दचकायला होतं, आधी सांगितलेलं बरं. नंतर थोडं निळं-काळं होईल, एक-दोन दिवस दुखेल. रक्त पातळ करायची गोळी घेत असशील तर आधी सांग. संध्याकाळी घरी येतेस.

सरळ कापून काढायला मात्र होकार देऊ नकोस. इथे मला अगदी ठाम बोलू दे. आधी निदान, मग ऑपरेशन. गाठ साधी निघाली तर कदाचित ऑपरेशन लागणारही नाही. कॅन्सर निघाला तर किती कापायचं, काखेतल्या गाठींचं काय करायचं, आधी केमो द्यायची का, स्तन वाचवता येईल का, हे सगळं ठरवून एकदाच नीट करायचं असतं. घाईत अर्धवट काढलेली गाठ घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्यात. कडेला काही राहिलं का ते कळत नाही, मग पुन्हा ऑपरेशन. चुलतसासऱ्यांची माया खोटी नाही. त्यांना सांग, सर्जननी आधी तपासणी सांगितलीय, त्यानंतर तुम्हालाच सोबत घेऊन जाऊ. मोठ्या माणसाला काम दिलं की ते विरोधात राहत नाहीत.

रिपोर्ट यायला काही दिवस लागतील. कॅन्सर निघालाच तर त्याच तुकड्यांवर ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या करायला सांग; गाठ कशाच्या जोरावर वाढते, हार्मोनच्या की हर-टू नावाच्या प्रथिनाच्या, ते त्यात कळतं आणि औषध त्यावर ठरतं. तुझ्या आईच्या किंवा वडिलांच्या घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का, तेवढं विचारून ठेव. शंभरातल्या पाच ते दहा जणींमध्ये तो रक्ताच्या नात्यातून आलेला असतो आणि मग बहिणींनाही तपासायचं असतं. वडिलांकडचं विसरू नकोस, पुरुषांनाही क्वचित हा आजार होतो.

पैशांचं: शिधापत्रिका आणि आधार पिशवीत ठेव, पत्रिका कुठल्याही रंगाची असू दे. कॅन्सरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत होतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' म्हणून माणूस बसतो, त्याला पहिल्याच दिवशी भेट. पैसे भरून झाल्यावर भेटलीस तर परत मिळवताना फार दमछाक होते.

लग्नाला जा, हौसेने जा. बायोप्सीच्या जागेवर ओझं येईल असं काही उचलू नकोस, रुखवताचे डबे नणंदेला उचलू दे. आणि रिपोर्ट हातात आला की कागदाबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉकही मागून घे, तुझे काढलेले तुकडे त्यातच जपून ठेवलेले असतात. पुढे टाटाला किंवा आणखी कुठे दुसरं मत घ्यायचं झालं तर तिथे ब्लॉकच मागतात, नुसत्या कागदावर भागत नाही. पिशवीत ठेवशील तर उन्हात ठेवू नकोस, मेण वितळतं. रिपोर्ट आला की इथे लिही, मी रोज बघते.